केबिनचा गंज आतून सुरू होतो: जुनी पिकअप घरच्या घरी दुरुस्त करताना

आमची पिकअप अकरा वर्षं मासळी वाहत होती. मालवण बंदरावर पहाटे माल भरायचा आणि आंबोली चढून बेळगाव गाठायचं. मागे हौद्यात क्रेट, क्रेटमध्ये बर्फ, आणि बर्फाचं खारट पाणी वाटभर केबिनच्या पाठीवर उडत राहायचं. डाव्या दाराच्या खालच्या कोपऱ्यात रंगाला बोराएवढा फुगवटा आलेला मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा शहाण्यासारखा पॉलिश पेपर घेतला, फुगवटा घासला, पुट्टी भरली, वर डब्यातला पांढरा रंग मारला. दोन मीटरवरून झकास दिसत होतं. नारळी पौर्णिमेपर्यंत तिथेच तळहाताएवढी पापडी सुटली. ओळखीचे वेल्डर काका टॉर्च घेऊन दाराखाली वाकले आणि म्हणाले, "वरसून पावडर लावलंस, पण भितर गंज तसोच आसा मा?"

पुढचं सगळं या एका वाक्यातून शिकलो. रंगावरचा फुगवटा हा बहुतेक वेळा गंजाचा शेवट असतो, सुरुवात नव्हे. पाणी आत कुठेतरी साठतं आणि पत्रा आतल्या बाजूने खातं. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी पट जास्त जागा लागते, म्हणून तो रंगाला आतून ढकलतो आणि मग आपल्याला बाहेर बोर दिसतं. मीठ असेल तर काम आणखी वेगाने होतं, कारण मीठ हवेतला दमटपणा ओढून धरतं आणि ऊन पडलं तरी पत्रा पुरता वाळत नाही. तेव्हा पुट्टीच्या डब्याला हात लावायच्या आधी पाणी कुठून येतं आणि कुठे अडतं ते शोधायचं.

आधी शोध, मग ग्राइंडर

गाडी सपाट जागी लावा. रबरी मॅट आणि खालचं नमदं (फेल्टचा जाड थर) उचला, सीट काढा. चार बोल्टचं काम आहे. बोल्ट अडले असतील तर आदल्या रात्री गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा. सीटखाली पहिल्यांदा डोकावाल तेव्हा घाबरू नका. आमच्याकडे तिथे वाळलेले बांगड्याचे खवले, दोन नटबोल्ट आणि २०१४ सालची टोलची पावती निघाली होती. पावती कोरडी होती, याचा अर्थ त्या कोपऱ्यात पाणी पोचत नव्हतं. असले पुरावे उपयोगी पडतात.

आता स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने पत्र्यावर टिचक्या मारत जा. चांगला पत्रा खणकन वाजतो, कुजलेला भद्द आवाज देतो. शंका येईल तिथे टोक टेकवून दाबा. आरपार गेलं तर वाईट वाटून घेऊ नका, भोक आधीपासूनच होतं. गाडी सेकंडहँड घेतली असेल तर फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक बाहेरून फिरवा. जिथे ते पकडत नाही तिथे कोणीतरी आधी जाड पुट्टी थापली आहे.

हमखास बघायच्या जागा म्हणजे दारांचा खालचा काठ, दाराखालचा पोकळ फूटबोर्ड, छताच्या कडेची पन्हाळ, पुढच्या काचेच्या रबराखालची खाच, चाकावरच्या कमानीत चिखल अडकतो तो कोपरा, बॅटरीखालचा ट्रे, आणि केबिन व हौदा यांच्यातली फट. मासळीच्या किंवा वाळूच्या गाडीत ही शेवटची जागा सगळ्यात आधी जाते, आणि तिथे हात पोचत नाही म्हणून सगळ्यात शेवटी दिसते.

पाण्याची परीक्षा दोघांनी करायची. एकाने आत टॉर्च घेऊन बसायचं, दुसऱ्याने बाहेरून नळी धरायची. नळी खालून वर न्या. आधी दाराचा काठ, मग काचेची खालची कड, मग वरची, शेवटी छप्पर. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडूनच ओघळतं आणि नेमकं कुठून शिरतं ते कळत नाही. आमच्या गाडीच्या ड्रायव्हरच्या पायाखालचा गंज प्रत्यक्षात पुढच्या काचेच्या रबराच्या कोपऱ्यातून येत होता. पायाखाली दहा पत्रे बदलले असते तरी तो परत आला असता.

तीन प्रकारचा गंज, तीन उपाय

खडू घ्या आणि प्रत्येक डागावर आकडा टाका. ज्या जागी नुसती तांबूस पूड आहे, घासली की खाली गुळगुळीत पत्रा लागतो, तिथे १. जिथे घासल्यावर काळे खड्डे राहतात पण पत्रा दाबला जात नाही, तिथे २. जिथे भोक आहे किंवा अंगठ्याने पत्रा लवतो, तिथे ३. एक म्हणजे नुसतं घासणं, दोन म्हणजे घासून वर गंज काळा करणारं द्रावण; ही दोन्ही नवशिक्याने बिनधास्त करावीत. तीनमध्ये, म्हणजे ठिगळाच्या कामात, मात्र आणखी एक गाळणी लावावी लागते.

केबिन ज्या जागी रबरी बुशांवरून चेसीवर (गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्यावर) बसते ते माउंट, दाराच्या बिजागरांची मुळं, सीटबेल्टचे आणि सीटचे बोल्ट जिथे पकडतात तो पत्रा, आणि चेसी स्वतः: इथे गंजाने भोक पाडलं असेल तर ते काम अनुभवी वेल्डरचं. तुम्ही साफसफाई करून द्या, मजुरी वाचवा, पण वेल्डिंगचा टाका त्याला मारू द्या. अपघातात या जागांवर माणसाचा जीव असतो, आणि मालवाहू गाडी आठ वर्षांपुढची असेल तर दरवर्षी पासिंगला, म्हणजे फिटनेस तपासणीला, ती खालून बघितली जाणारच आहे.

काय जमवायचं

चार इंची ग्राइंडर, त्याला वायरचा कप ब्रश आणि एक-दोन फ्लॅप डिस्क (पॉलिश पेपरच्या पाकळ्यांची चकती), पातळ कटिंग व्हील, ८०, १२०, २२० आणि ४०० नंबरचे कोरडे पॉलिश पेपर, घासायला सपाट लाकडी ठोकळा, पत्र्याची कात्री, छिन्नी, कानस, गंज काळा करणारं द्रावण, दोन डब्यांचा इपॉक्सी प्रायमर, पॉलिएस्टर पुट्टी आणि तिचा हार्डनर, जोडांवर भरायचा सीलर, चिकटपट्टी आणि जुनी वर्तमानपत्रं.

अंगावरच्या वस्तूंत कंजुषी नको. ग्राइंडरचं गार्ड काढून काम करणारे कारागीर तुम्ही पाहिले असतील. त्यांच्या हातांवरचे वणही नीट पाहा. कप ब्रशच्या तारा सुटून सुईसारख्या उडतात, म्हणून साधा चष्मा पुरत नाही, बाजूने बंद असलेला गॉगल हवा. गंजाच्या आणि जुन्या रंगाच्या धुळीसाठी चांगला मास्क लावा. तोंडाला बांधलेल्या रुमालाचा उपयोग फक्त मनाच्या समाधानाला. सैल शर्ट, गळ्यातला गमछा, हातातला गंडा ग्राइंडरपासून लांब.

धुण्याचा दिवस

ही पायरी बहुतेक जण गाळतात. मीठ पत्र्यावर तसंच ठेवून वर कितीही भारी प्रायमर मारला तरी ते रंगाखालून पाणी ओढत राहतं आणि वर्षभरात बारीक फोड उठतात. म्हणून गोड्या पाण्याने धुवा. एकदा नव्हे, तीन-चारदा, मध्ये वाळू देऊन. दारांच्या आत, फूटबोर्डच्या भोकांतून, कमानीच्या मागे नळी घाला आणि निघणारं पाणी स्वच्छ होईपर्यंत थांबू नका. आमच्या फूटबोर्डमधून पहिल्या खेपेला चहासारखं पाणी आणि मूठभर चिखल निघाला.

मग दारं उघडी ठेवून दोन-तीन दिवस उन्हात वाळवा. वाळल्यावर थिनरच्या फडक्याने तेलकटपणा पुसा, एका फडक्याने लावायचं आणि लगेच दुसऱ्या कोरड्या फडक्याने उचलायचं. हे घासण्याच्या आधीच करायचं. नाहीतर ग्रीस आणि पॉलिश ग्राइंडरच्या फिरकीने पत्र्याच्या खड्ड्यांत आणखी खोल बसतं.

कोकणात हे सगळं काम दिवाळीनंतर ते मे महिन्याच्या मध्यापर्यंत उरकावं. पावसाळी हवेत उघडा केलेला पत्रा दुपारपर्यंत तांबूस होतो. हिवाळ्यातही एकच नियम: आज जेवढा पत्रा उघडा कराल, तेवढ्यावर आजच प्रायमर गेला पाहिजे. सगळी केबिन एकदम खरवडायला घेऊ नका. एक दार, मग दुसरं. मला आमची केबिन पुरी करायला नऊ रविवार लागले.

घासणे

बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. गंजाच्या डागाभोवती दोन इंच चांगला रंगही काढा, कारण गंज रंगाखाली दिसतो त्याच्यापुढे गेलेला असतो. आधी कप ब्रशने पापुद्रे उडवा, मग ८० नंबरचा पेपर. फ्लॅप डिस्क जपून वापरा. केबिनचा बाहेरचा पत्रा जेमतेम ०.७ ते ०.९ मिलिमीटर असतो. डिस्क एका जागी तीन सेकंद टेकली की तो निळा पडतो, तापून पोटासारखा फुगतो, आणि तो फुगा परत बसवणं नवशिक्याच्या हातचं नाही. हात सतत फिरता हवा.

पत्रा चांदीसारखा दिसायला लागला तरी खड्ड्यांच्या तळाशी काळे ठिपके राहतील. ते ब्रशने निघत नाहीत. गंज काळा करणारी द्रावणं इथे लागतात. काहींत फॉस्फोरिक आम्ल असतं, काहींत टॅनिन. टॅनिन लोखंडाच्या गंजाशी मिळून निळसर काळा, घट्ट थर बनवतं. हिरड्याचं पाणी आणि लोखंड यांतून जुन्या काळी काळी शाई करत, ती हीच किमया. द्रावण जाड गंजावर ओतून काम होत नाही, ते फक्त वरचा पातळ थर बदलतं. खाली सुटी पूड तशीच राहते. म्हणून आधी घासणं सक्तीचं. फॉस्फोरिकवालं द्रावण असेल तर डब्यावर सांगितलेल्या वेळेनंतर ते धुऊन, पुसून, वाळवून टाका. आम्ल उरलेल्या पत्र्यावर इपॉक्सी नीट धरत नाही.

शेवटी रंगाची कड. उघडा पत्रा आणि जुना रंग यांच्यामध्ये पायरी राहू देऊ नका. १२० आणि २२० ने घासून ती अशी उतरती करा की डोळे मिटून बोट फिरवलं तर रंग कुठे संपला ते कळू नये.

भोकाला ठिगळ

भोक दिसतं तेवढंच कापून भागत नाही. कडेने कापत जा, जिथे कात्रीला पत्र्याची खरी ताकद लागते तिथे थांबा. आमचं पाच रुपयांच्या नाण्याएवढं भोक शेवटी पोस्टकार्डाएवढं झालं. कोपरे गोल ठेवा, चौकोनी कोपऱ्यातून पुढे चीर जाते.

साच्यासाठी जुन्या लग्नपत्रिकेइतका चांगला कागद नाही. ताठ असतो, पण वाकतो. ती भोकावर धरून आतून पेन्सिलने रेघ मारा, वाकण असेल तिथे तीही वाकवा, मग तो आकार पत्र्यावर उतरवा. पत्रा साधा सीआर शीट (मुलामा नसलेला कोल्ड रोल्ड पत्रा) घ्या, बाहेरच्या बाजूला २० गेज, पायाखालच्या तळाला १८ गेज (गेजचा आकडा जितका लहान, तितका पत्रा जाड). दुकानदार "जीआय घ्या, गंजणारच नाही" म्हणेल. जीआयवर जस्ताचा मुलामा असतो. वेल्डिंग करताना त्याचा पांढरा धूर छातीत गेला की रात्री हुडहुडी भरून ताप येतो. शिवाय जिथे वेल्डिंग होतं नेमकं तिथलंच जस्त जळून जातं.

ठिगळ भोकात अचूक बसवून कडेला कड जोडणं उत्तम, पण ते कठीण. नवशिक्याने ठिगळ अर्धा इंच मोठं ठेवून मागून टेकवावं. यात दोन पत्र्यांमध्ये फट राहते आणि फटीत पाणी साठतं, म्हणून जोडणीच्या आधी दोन्ही पत्र्यांच्या मिटणाऱ्या बाजूंना वेल्डिंगला चालणारा जस्ताचा प्रायमर लावा, आणि नंतर कडेने सीलर भरा.

पातळ पत्र्याला गॅरेजवाले ज्याला सीओटू वेल्डिंग म्हणतात (बंदुकीतून बारीक तार आणि गॅस सोडणारं) तेच हवं. साध्या रॉडच्या वेल्डिंगने पत्रा वितळून भोक दुप्पट होईल. सलग रेघ ओढायची नाही. एक टाका इथे, पुढचा समोरच्या कोपऱ्यात, मग तिसरा कुठेतरी मध्ये, आणि टाक्यांच्या मध्ये पत्रा हाताला सोसेल इतका निवू द्यायचा. मागे तांब्याची पट्टी धरली तर पत्रा फुटत नाही. वितळलेलं लोखंड तांब्याला चिकटत नाही.

वेल्डिंग येत नसेल तर शिकण्यासाठी स्वतःच्या गाडीचं दार वापरू नका. भंगारातला पत्रा आणून त्यावर हात बसवा. किंवा मी केलं तसं करा: कापणं, साफ करणं, ठिगळ तयार करणं घरी; टाके मारायला गाडी वेल्डरकडे. अर्ध्या तासात काम झालं, कारण त्याचा खरा वेळ खाणारं काम आपण आधीच केलेलं होतं. कोणीही वेल्डिंग करो, आतलं नमदं, फोम, वायरिंग बाजूला काढा, डिझेलची नळी कुठून जाते ते बघून घ्या, बादलीभर पाणी आणि आग विझवणारा सिलिंडर हाताशी ठेवा. काम संपल्यावर तासभर गाडीपाशीच थांबा. फोम आतल्या आत धुमसतो आणि आपण जेवायला गेल्यावर पेटतो.

फायबर आणि राळ लावून भोक बुजवायची पद्धतही आहे. सीझन निभावून न्यायचा असेल तर ठीक, पण त्याला दुरुस्ती म्हणू नका. मागचा गंज चालूच राहतो.

प्रायमर, पुट्टी, रंग

क्रम महत्त्वाचा: उघड्या पत्र्यावर आधी इपॉक्सी प्रायमर, त्यावर पुट्टी. बऱ्याच गॅरेजांत पुट्टी थेट पत्र्यावर चढवतात, आणि चांगल्या घासलेल्या पत्र्यावर ती धरतेही. पण पॉलिएस्टर पुट्टी पाणी शोषते. खाली इपॉक्सी असेल तर ते पाणी पत्र्यापर्यंत पोचत नाही. याच कारणाने पुट्टी वॉटर पेपरने, पाणी ओतून घासू नका. धूळ उडते म्हणून सगळे तसंच करतात, आणि मग ते पाणी रंगाखाली बंद होतं. कोरडी घासा, मास्क लावा.

इपॉक्सीचे दोन हात द्या, ब्रशने दिले तरी चालतात. दोन डब्यांचं प्रमाण आणि दोन हातांमधला वेळ डब्यावर लिहिलेला असतो, तो पाळा. ठिगळाच्या मागच्या बाजूलाही प्रायमर जायलाच हवा. वेल्डिंगने तिथला जुना रंग जळालेला असतो. जोडांवर सीलर आता भरा, इपॉक्सीवर.

पुट्टीत हार्डनर साधारण शंभराला दोन, म्हणजे लिंबाएवढ्या गोळ्याला वाटाण्याएवढा. मिश्रणात रंगाचे पट्टे दिसेनासे होईपर्यंत कालवा. मार्चच्या उन्हात पाच-सात मिनिटांत ती घट्ट होते, म्हणून थोडी थोडी करा. जाडी दोन-तीन मिलिमीटरच्या वर जात असेल तर पुट्टी थांबवा आणि पत्रा आतून ठोकून आधी वर आणा. घासताना बोटांऐवजी लाकडी ठोकळा वापरा. बोटांनी घासलं की लाटा पडतात आणि त्या रंग चढल्यावर, तिरप्या उन्हातच दिसतात. वरून काळ्या रंगाचा विरळ फवारा मारून घासलं तर जिथे काळं राहतं तो खळगा.

वर सर्फेसर, म्हणजे बारीक ओरखडे भरणारा रंगाखालचा प्रायमर; तो ४०० ने घासून मग रंग. सर्फेसरवर गाडी आठ-पंधरा दिवस उघड्यावर ठेवू नका. तो स्पंजासारखा असतो, दव पितो. इतक्या कष्टानंतर पुन्हा तांबूस ठिपके बघायची वेळ तिथेच येते.

रंगाचं म्हणाल तर माझं मत स्पष्ट आहे. केबिनचा तळ, दारांची आतली बाजू, कमानी हे सगळं घरी ब्रशने रंगवा. बाहेरच्या बाजूला लहान डाग असेल तर डब्यातला स्प्रे, आणि रंग पत्र्याच्या मधोमध न थांबवता जवळच्या वाकणापर्यंत किंवा पट्टीपर्यंत न्या, म्हणजे जोड दिसत नाही. हार्डनरवाला पीयू (पॉलियुरेथेन) रंग मात्र घरी फवारू नका. त्यातल्या आयसोसायनेट नावाच्या रसायनाने दमा जडू शकतो आणि साध्या मास्कने ते अडत नाही. ते पेंटरच्या बूथमध्येच जाऊ दे. सकाळच्या दवात आणि संध्याकाळी रंग मारला तर थिनर उडताना पत्रा गार पडतो, त्यावर दमटपणा बसतो आणि रंग पांढरट होतो. दहा ते तीन ही वेळ बरी. रंग मूळचाच ठेवा. बदललात तर आरसी बुकात नोंद करायला आरटीओच्या फेऱ्या आल्या.

आतल्या पोकळ्या

बाहेरून चकचकीत झालेली गाडी इथेच हरते. फूटबोर्ड, दारांचा तळ, केबिनचे मागचे कोपरे आतून पोकळ असतात आणि तिथे ब्रश पोचत नाही. पोकळीत मारायचं मेण लांब नळीच्या स्प्रेमध्ये मिळतं. पाणी जायच्या भोकांतून नळी आत घाला, फवारत फवारत बाहेर ओढा. भोकांतून मेण ठिबकायला लागलं म्हणजे तळापर्यंत पोचलं. ते रंग पूर्ण वाळल्यावरच मारा, नाहीतर मेणाचा एक थेंब रंगाला माशाच्या डोळ्यासारखी भोकं पाडतो.

आमच्याकडे पूर्वापार इंजिनाचं काळं ऑइल फवारतात. गंज थोडा थांबतो हे खरं, पण दाराची रबरं फुगतात, धूळ चिकटते, आणि पहिल्या पावसात ते ऑइल वाहून विहिरीच्या दिशेने जातं. मी सोडून दिलं.

मेण मारून झालं की ती भोकं पुन्हा मोकळी करा. यासाठी सायकलची जुनी तार ठेवली आहे, टोकाला जराशी वाकवलेली, डॅशबोर्डच्या कप्प्यात. मासळीची खेप झाली की संध्याकाळी केबिनच्या पाठीवर गोडं पाणी, रविवारी मॅट उचलून उन्हात, आणि मृगाच्या आधी व गणपतीनंतर प्रत्येक दाराच्या तीन भोकांतून ती तार एकदा फिरवायची. गेल्या खेपेला उजव्या दारातून आंब्याच्या पेटीतल्या पेंढ्याची काडी निघाली. तिच्यामागे अर्धा पेला पाणी अडलं होतं.